अंगठ्याखालचा सा

मिलिंदच्या आईचा, म्हणजे मावशींचा, फोन आला तेव्हा मी शिवाजी पेठेत, आमच्या दारात, गाडी पुसत होतो. "संदीप, मिल्या उठंना झालाय. हाका मारून दमलो बघ मी. तू ये की." मी हसलोच. मिलिंद सकाळी वेळेवर उठला असता तर ती बातमी झाली असती. वारणानगरला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर आम्ही एका खोलीत होतो, त्याला उठवायचं काम चार वर्षं माझ्याकडेच होतं. "तोंडावर पाणी मारा," म्हटलं. त्या म्हणाल्या, "मारलं की रं." उचगावात त्यांच्या घरी पोचलो तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय बंद पडलं, एवढंच शेजाऱ्यांनी मला सांगितलं.

पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेले पाहुणे म्हणत होते, काही त्रास न होता गेला, भाग्यवान. माझं डोकं फिरलं होतं. चाळिशीतला माणूस, घरात अर्धं अंग लुळं पडलेली आई, आणि टेबलावर अर्धवट राहिलेलं काम. यात भाग्य कुणाचं आणि कसलं? आता काही आठवडे झाले. काळ हे औषध आहे असं सांगणारे भेटतात. असेल. मला अजून तरी गुण आलेला नाही.

त्या अर्धवट कामाबद्दलच लिहायचं आहे. मिलिंदचे वडील लवकर गेले, घरात मावशी आणि तो, दोघंच. उचगावच्या विहारात बायका भीमगीतं म्हणायला बसत, त्यात मावशींचा आवाज सगळ्यांच्या पुढे. पेटीही त्याच वाजवायच्या. कुणी शिकवलं नव्हतं, ऐकून ऐकून बसलेला हात. हॉस्टेलच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे राहायला गेलो की संध्याकाळी हमखास पेटी निघायची. मी कुणब्याच्या घरातला, आमच्याकडे गाणं म्हणजे रेडिओ. तोंड उघडं ठेवून ऐकत बसायचो. मिलिंद मला चिडवायचा, "माशी जाईल मर्दा, मीट की."

मग मावशींना लकवा झाला. डावी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, पण गाणं आलं नाही. गायला लागल्या की सूर घसरायचा आणि त्यांचं त्यांनाच ते कळायचं. पेटीही बंद पडली, कारण भाता डाव्या हातानं ओढायचा असतो. मिलिंद पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायचा. त्यानं भाता न लागणारी इलेक्ट्रॉनिक पेटी आणून पाहिली. मावशींनी दोन बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "ह्ये पेटीचं सोंग हाय." तेव्हा तो मला म्हणाला, "पेटी इकत मिळती लेका. गळा कुठं मिळतोय? त्यो करायलाच लागणार."

आणि खरंच तो गळा करायला बसला. लॅपटॉपवर चालणारा सॉफ्टवेअर सिंथेसायझर, म्हणजे गळ्यासारखा आवाज तयार करणारा प्रोग्राम, एका वेळी एकच सूर काढणारा. मी दूध संस्थांच्या हिशेबाचे प्रोग्राम लिहितो, त्यामुळे मला आधी वाटलं यात अवघड ते काय. अवघड होतं ते असं. पेटीवर चार पट्ट्या दाबल्या की चार सूर वाजतात. गळ्यातून एकच निघतो. मग दोन पट्ट्या एकदम दाबलेल्या असल्या तर मान कुणाचा? आधी दाबलीय तिचा, मागून दाबलीय तिचा, की सगळ्यात खालच्या सुराचा? आणि नवा सूर आला की गळ्यानं नव्यानं दम घ्यायचा, की चालू दमातच तिकडे सरकायचं? मिलिंदनं पहिल्या खेपेला मान खालच्या सुराला दिला. जुनी सिंथेसायझर यंत्रं तशी असायची, म्हणाला.

मावशी लॅपटॉपला जोडलेल्या, पेटीसारख्या पट्ट्यांच्या छोट्या कीबोर्डसमोर बसल्या. उजवा हात ठेवला, आणि सवयीनं अंगठा सा वर टेकवला. पेटीवाले असंच करतात, खाली सा धरून ठेवतात आणि वर बाकीच्या बोटांनी गाणं वाजवतात. बोटं फिरायला लागली आणि गळ्यातून नुसता सा येत राहिला. सा... सा... दुसरं काहीच नाही. मावशी थांबल्या. हात उचलून डोळ्यांजवळ नेला आणि बोटं हलवून बघितली. "ह्योबी हात गेला व्हय रं?" त्या अगदी हळू म्हणाल्या. मिलिंदनं तो हात घट्ट धरला. "हात न्हाय गं गेला आये. माझं डोस्कं गेलंय."

मी बाहेर आल्यावर त्याला सोपा उपाय सांगितला. त्यांना अंगठा उचलायला सांग, दोन दिवसांत सवय होईल. असा भडकला माझ्यावर! "गाणं सुटलं, पेटी सुटली, इहार सुटला. आता अंगठाबी सोड म्हणून सांगू? प्रोग्राम मी लिव्हलाय, तिनं न्हाय." तेव्हापासून हे काम त्याच्यासाठी सॉफ्टवेअर उरलं नाही. आईचा अंगठा हलता कामा नये, एवढीच त्याची अट झाली.

पुढच्या खेपेला मान शेवटी दाबलेल्या पट्टीला गेला. वरची बोटं उचलली की सूर परत अंगठ्याखालच्या सा वर यायचा. पण प्रत्येक वेळी तो नव्या दमानं सुरू व्हायचा, ठसकन. मावशी दचकायच्या. "मागनं कुणीतरी ढोसल्यागत वाटतंय." मग त्यानं नियम केला की आधीची एखादी पट्टी दाबलेली असेल तर नवा दम घ्यायचा नाही, चालू दमात सरकायचं. आणि इथं गाडी रुतली. मावशींचा अंगठा तर सदाच दाबलेला! म्हणजे गाणं सुरू झालं की गळा शेवटपर्यंत दमच घेईना. ओळ संपली, कडवं संपलं, तरी आवाज आपला ओढतच राहिलाय. अंगठा मोजायचाच नाही असं करावं तर गाण्यातला सा सुद्धा त्या त्याच अंगठ्यावर सोडून द्यायच्या. वरची बोटं उचलली, सा आला. आता हा सा गाण्यातला, की नुसता टेकलेला? यंत्राला दोन्ही सारखेच. मिलिंदनं त्यांना विचारलं, "आये, कुठला सा म्हणायचा आन् कुठला न्हाय, ह्ये मी कसं वळखू?" मावशी म्हणाल्या, "मला ठावं असतंय की."

त्या उत्तरावर तो खूष झाला होता. म्हणाला, तिला ठाऊक आहे म्हणजे बोटांत कुठंतरी दिसणारच. आई बोट किती झटकन उचलते, मध्ये किती थांबते, हे तो शेजारी बसून बघायचा. "जवळ आलोय," असं मला शेवटचं भेटला तेव्हा म्हणाला. जवळ म्हणजे किती जवळ, ते आता कुणाला विचारू? नंतर मी त्याचा लॅपटॉप उघडला. प्रोग्राम तिथंच थांबलाय, न थांबणाऱ्या दमापाशी. त्याला बोटांत काय दिसलं होतं ते कोडमध्ये कुठंच नाही. ते त्याच्या डोक्यात होतं आणि डोकं आम्ही जाळून आलो.

मागच्या रविवारी दुपारी उचगावला गेलो. ठरवलं होतं की मिलिंदसारखंच शेजारी बसायचं, बोटं बघायची आणि उरलेलं काम पुरं करायचं. दुसरं माझ्या हातात होतंच काय. "मावशी, वाजवा," म्हटलं. त्यांनी मिलिंदच्या कीबोर्डवर वाजवायला घेतलं. सुरुवातीला अंगठा खालीच होता. ओळ संपत आली आणि तो वर उठला. आवाज थांबला. पुढच्या ओळीला गळ्यानं नवा दम घेतला. पुन्हा ओळ संपली, पुन्हा अंगठा वर. मी बघतच राहिलो. "हे कधी शिकलात?" मावशी वाजवायच्या थांबल्या नाहीत. "त्येनं केलेल्या गळ्याला दमच घ्याय मिळंना रं. जीव गुदमरतोय त्येचा असं वाटाय लागलं. म्हणून उचलाय शिकलो मी."

मी उठलो. कोपऱ्यातली जुनी पेटी काढली, धूळ पुसली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, "भाता मी ओढतो. हिच्यावर तरी ठेवा अंगठा." त्यांनी ठेवला. ओळ संपायच्या आत तो उठला. परत ठेवला, परत उठला. मावशींनी गुडघ्यावर हात पुसला, पुन्हा प्रयत्न करून बघितला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ऱ्हात न्हाय बघ त्यो आता खाली."

त्यांचं गाणं संपेपर्यंत मी भाता ओढत राहिलो.