भाकरीचा हात

दादाने ॲम्प्लिफायर स्वतः जोडला होता. दादा म्हणजे माझ्या मावशीचा मुलगा. सातवीनंतर शाळा सुटली आणि मी मालवणकडून त्यांच्या चारकोपच्या घरी आले, मावशीला हाताशी कुणीतरी हवं म्हणून. काका गेलेले, मावशीचे गुडघे धरलेले, आणि दादा कंपनीतून आला की थेट आपल्या तारांमध्ये घुसायचा. दोन वेळचं जेवण, अंगभर कपडा आणि कुणाचं वाकडं बोलणं नाही, एवढं त्या घराने मला दिलं. ते मी आजही विसरलेले नाही. पण मावशीचं झालं तरी घर दुसऱ्याचंच. तिथे माणूस पाय न वाजवता चालतं. आपण इथे कशासाठी आहोत, हे रोज कुणीतरी सांगावं असं वाटत राहतं.

ते मला त्या डब्याने सांगितलं. डबाच म्हणायचो आम्ही त्याला. लाकडी पेटी, वर सनमायका, पुढे गोल फिरवायची बटणं आणि पाठीमागे ॲल्युमिनियमच्या काळ्या पट्ट्या. लॅमिंग्टन रोडवरून एकेक पार्ट आणून दादाने तो जोडला. आवाज असा, की समोरच्या लाइनीतल्या खिडक्या थरथरायच्या. खोड एकच, तापायचा. आतली उष्णता त्या पट्ट्यांतून बाहेर पडते, तेव्हा पट्ट्या गरम होणारच. पण किती होऊ द्यायच्या? मोजायला घरात काही नव्हतं.

"आई दुपारी भजनं लावते," दादा एकदा कामावर निघताना म्हणाला. "तू अधूनमधून मागे हात लावून बघत जा. हात ठेवता आला तर चालू दे. चटका बसला तर लगेच बंद. कळलं?"

"मी बघू?"

"मग काय आईला सांगू? ती सांडशीने उचलून खाली ठेवेल त्याला!"

त्या दिवसापासून माझा हात म्हणजे त्या डब्याचा थर्मामीटर झाला. भजन रंगात आलं की मी पट्ट्यांवर तळवा टेकायचे. मावशी तांदूळ निवडता निवडता विचारायची, "तापलो काय गो?"

"नाय गो मावशी. चलांदे."

रविवारी दादाचे मित्र यायचे. आवाज चढत गेला की कुणीतरी शंका काढायचं, आणि दादा स्वयंपाकघराकडे बघून ओरडायचा, "थांबा रे, आमच्या इंजिनीयरला विचारू!" मी पिठाचा हात पुसत बाहेर यायचे, पट्ट्यांना हात लावायचे, म्हणायचे, "चालेल." सगळे हसायचे. पण माझं उत्तर येईपर्यंत थांबायचे. ते थांबणं मला फार आवडायचं.

मध्ये दोनदा त्यातले ट्रान्झिस्टर जळले. दादाने दुकानदाराला शिव्या घातल्या. "डुप्लिकेट माल दिलाय साल्याने! ही लक्ष ठेवते म्हणून निदान बाकीचा सेट शाबूत आहे."

मग दादाचं लग्न झालं. वहिनी घाटकोपरची, दहावी पास, वर टायपिंगची परीक्षा दिलेली. घरात सून आल्यावर भाचीचं काय काम, असं कुणी बोललं नाही. पण प्रत्येक बोलण्याच्या मागे ते ऐकू येतंय का, म्हणून मी कान लावून असायचे. आणि जळायचे मात्र भलत्याच गोष्टीवर. कॅसेट लावली की दादा आता तिला विचारायचा, "बेस वाढवू?" ती डोळे मिटून ऐकायची आणि म्हणायची, "जरा कमीच करा." तो कमी करायचा! एवढे दिवस मी त्या डब्याच्या पाठीला हात लावत होते, पुढच्या बटणांचं मला कधी कुणी विचारलं नव्हतं.

अशाच एका रविवारी मित्र जमले होते. "इंजिनीयर!" दादाची हाक आली. मी गेले, हात लावला, म्हटलं, "चालेल." वहिनी चहाचा ट्रे ठेवत होती. "बघू," म्हणाली आणि तिनेही हात लावला.

"आई गं!" तिने हात असा झटकला की एक कप कलंडला. "हे चालेल? अहो, ह्याच्यावर पापड भाजतील!"

दादाने बोट टेकवलं, चटकन मागे घेतलं, बटण बंद केलं. मग माझा हात धरून त्याने तळवा दाबून पाहिला, चपलेचा तळ दाबून बघावा तसा. रागावला नाही. हसायला लागला. "हिच्या हाताचा तवा झालाय रे! म्हणजे एवढे दिवस आपण तव्याला विचारत होतो!"

सगळी खोली हसली. मीही हसले.

आमच्याकडे तांदळाची भाकरी. उकळत्या पाण्यात पीठ ढवळायचं आणि ती उकड गरम असतानाच मळायची. तव्यावरची भाकरी बोटांनीच परतायची. मी खोटं सांगितलं नव्हतं. मला खरंच चटका बसत नव्हता. दादाचे ट्रान्झिस्टर माझ्या तळव्याखालीच जळले होते.

तेव्हापासून हाक वहिनीला जाऊ लागली. ती दोन बोटं टेकवायची, म्हणायची, "बंद करा," की डबा बंद. मी आत भाकऱ्या थापत ऐकायचे. पुढे मावशीने मला सांगितलं, "सुनेक आता भाकरी करूक शिकव गो." त्यावर दादा बाहेरूनच म्हणाला, "नको गं आई. हिचा हात निबर झाला तर माझ्या डब्याकडे कोण बघणार?"

तो गमतीनेच म्हणाला. माझ्या हातातली भाकरी कडेला फाटली. तिचा हात मऊ राहायला हवा, हे ह्या घराला सुचलं. माझ्या हाताचं कुणाला सुचलं होतं? असं मनात आलं आणि लगेच भीती वाटली. ज्यांचं खातोय त्यांच्याबद्दल असं?

वहिनी मात्र आपणहून आत आली. पाट ओढून बसली. "शिकव. सासूबाईंसमोर रोज फजिती नको."

मी शिकवलं. "पीठ जरा गार होऊ दे ना गं," ती म्हणायची, बोटांवर फुंकर घालत. मी म्हणायचे, "नाही वहिनी, गार झालं की भाकरी चिरते." ते खरंच आहे. पण नाही म्हणताना मला बरं वाटायचं, हेही खरं.

पाऊस सरेपर्यंत ती बोटांनी भाकरी परतायला लागली. मग एका रविवारी दादाची हाक आली. वहिनीने हात ठेवला. "चालेल की." मी ठेवला. "चालेल." दादाला शंका आली, त्याने स्वतः बोट लावलं.

"वाट लागली! दोघींचे हात कामातून गेले!"

आठवडाभरात त्याने एक छोटा पंखा आणला आणि डब्याच्या पाठीला बसवला. बटण दाबलं की पंखा फिरायचा, पट्ट्या कोमट. झकास काम झालं. आम्ही दोघी स्टोव्हजवळून उठून बघायला गेलो होतो. वहिनीने पदराने तोंड पुसलं.

"डब्याला पंखा? अहो, आणि आम्ही दोघी आत उकडतोय त्याचं काय?"

मावशीने मान वर केली. मी तिच्याकडे बघतच राहिले, कारण हे वाक्य माझं होतं. दर उन्हाळ्यात स्टोव्हसमोर बसून मी स्वयंपाकघरासाठी मनातल्या मनात पंखा मागितला होता आणि तिथल्या तिथे गिळला होता. ज्या घराने ठेवून घेतलं त्याच्याकडे आणखी वारा कसा मागायचा? तिने तो उभ्या उभ्या, तोंड पुसता पुसता मागितला. तिच्या त्या 'दोघीं'मध्ये मीही होते, म्हणजे मला परत पाठवायचं कुणाच्या मनात नव्हतं. पण हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी मला फक्त तिचं तोंड दिसत होतं, न अडखळलेलं.

पुढच्या पगाराला स्वयंपाकघराच्या भिंतीवर पंखा आला. स्टोव्हची ज्योत हलते म्हणून भाकऱ्या होईपर्यंत तो बंदच ठेवावा लागे. तवा उतरवला की वहिनी उठून लावायची आणि त्याचं तोंड माझ्याकडे वळवायची. "तूच जास्त वेळ असतेस ना स्टोव्हपाशी."

घाम सुकायचा. फार बरं वाटायचं. आणि दरवेळी मनात यायचं, हा वारा तिने मागितलेला आहे.