आपांची दुसरी फेरी

समोरचा माणूस ऐकायचा थांबला, की ते त्याच्याआधी आपांना कळायचं. तो मान हलवत असेल, "हो, हो" म्हणत असेल, अगदी डोळ्यांत डोळे घालून बसला असेल, आपांवर त्याचा काही परिणाम होत नसे. त्या मांडीवरची पर्स काखेत अडकवायच्या, उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "चला, माझी बस आली." बस आलेली नसायची.

आपा कतारमधल्या, दोह्यातल्या आमच्या शाळेच्या बसवर आया होत्या. मूळच्या दापोलीकडच्या. नवरा सामानाची गाडी चालवायचा. मुलांना चढवायचं, उतरवायचं, मोजायचं, कोणाची पाण्याची बाटली राहिली ते बघायचं, हे त्यांचं काम. "लिवायचं तर लिवा, नाव नको," असं त्यांनी मला सांगून ठेवलंय, म्हणून इथेही आपाच. मी त्या शाळेत समुपदेशक होते. शिवाय आठवड्यातून एकदा, शाळा सुटल्यावर, समुपदेशक होऊ पाहणाऱ्या शिक्षिकांचा वर्ग घ्यायचे. त्या वर्गात आपांनी सहा वर्षांत कितीतरी गोष्टी सांगितल्या. त्यातली एक खरी होती. नेमकी तीच मी खोटी ठरवली.

मी शिकवायला लागले ते हौसेनं नव्हे. नवऱ्याची नोकरी दूर मेसईदला, आम्ही राहायचो अल थुमामाला, आणि दिवसभर शाळेतली मुलं आणि त्यांचे पालक ऐकून संध्याकाळी मला घरातलं कोणी बोललेलं नको असायचं. पण भारतातला एक पत्रद्वारा अभ्यासक्रम दोह्यात सुरू झाला. त्याचे तास घ्यायला मानसशास्त्रातली एम. ए. बाई हवी होती आणि ती मी होते. मी नाशिकच्या कॉलेजात मला जसं शिकवलं होतं तसंच शिकवायला लागले. प्रोजेक्टरवर काच, म्हणजे स्लाइड, लावायची, मुद्दे वाचायचे, पुढची काच. शिक्षिका सगळं उतरवून घ्यायच्या. "समोरच्याचे ऐकून घ्यावे, सल्ला देण्याची घाई करू नये," हेही उतरवून घ्यायच्या आणि मधल्या सुट्टीत एकमेकींना सल्ले द्यायच्या.

सराव तर वाईटच व्हायचा. जोड्या लावायच्या, एकीनं अडचण सांगायची, दुसरीनं ऐकायचं. पण या एकमेकींना स्टाफरूममधून ओळखत. एक म्हणायची, "मला रात्री झोप येत नाही." दुसरी म्हणायची, "मग माझ्याही वह्या तपासून टाक." आणि वर्ग हसत बसायचा.

आपा मागच्या बाकावर असायच्या. दुपारची पहिली फेरी उरकली की जादा तासांच्या मुलांची दुसरी फेरी सुटेपर्यंत त्यांना पाऊण तास मोकळा मिळे, आणि आमच्या खोलीचा एसी चांगला होता. चपला काढून त्या पाय चोळत बसायच्या. एकदा मी वैतागून म्हटलं, "आपा, जरा या मिससमोर बसा आणि एखादी अडचण सांगा."

"खरी की खोटी?"

"खोटी चालेल."

"खोटी सोप्पी," म्हणाल्या आणि चपला घालून पुढे आल्या.

वर्गाची भाषा हिंदी होती. आपांच्या हिंदीत निम्मं कोकण असे, पण मल्याळी मिसनाही ते कळायचं. त्यांनी एका बाईची गोष्ट सांगितली. तिची सासू तयार कालवणात गुपचूप मीठ टाकते आणि सगळ्यांसमोर सुनेला नावं ठेवते. समोरच्या मिसनं थोडं ऐकलं आणि बोटं मोजायला सुरुवात केली. "एक, मीठ कपाटात ठेवायचं. दोन, नवऱ्याला चाखायला द्यायचं. तीन..." तीनला आपांची बस आली. वर्ग हसला, मग एकीनं विचारलं, "त्या उठल्या का?" त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या वर्गाला काहीतरी कळलं आणि ते मी शिकवलेलं नव्हतं.

तेव्हापासून त्या दर आठवड्याला पुढे बसू लागल्या. त्यांचे शेरे मी वहीत लिहून ठेवायचे. "ही मिस चांगली, पण तिचं उत्तर तयार असतं. मी कधी थांबते त्याची वाट बघते." "हिला माझी दया येते. दयेनं मला बोलवत नाय." एकदा मी सहज विचारलं, माझं शिकवणं कसं वाटतं? म्हणाल्या, "तुम्ही ऐका ऐका म्हणता, आणि कोणी बोलायला लागलं की तुम्ही पुढची काच लावता." मी रागावले. काचा बंद केल्या त्या सात-आठ महिन्यांनी, आणि खरं सांगायचं तर प्रोजेक्टरचा दिवा गेला आणि नवा मंजूर होईना म्हणून. पण मग पुन्हा लावल्या नाहीत.

शिकवणाऱ्याला कंटाळा येतो, त्याबद्दल कोणी लिहीत नाही. आपण एका तुकडीला घासून पुसून ऐकायला शिकवतो, ती जाते, आणि नवी तुकडी तीच चूक पहिल्यापासून करते. तेच "एक, दोन, तीन". तिसऱ्या तुकडीच्या वेळी मी दमले होते. त्यातल्याच एका दुपारी आपांनी गोष्ट काढली. शाळेच्या कँटीनमध्ये एक बाई काम करते, तिची मुलगी त्याच शाळेत शिकते. मुलगी शाळेत आईला ओळख देत नाही. खाऊसुद्धा दुसऱ्या खिडकीतून घेते. चार वर्षं झाली. घरी नीट असते, शाळेत परकी.

समोरची मिस काही बोलायच्या आत मीच मागून बोलले. "आपा, हे पटत नाही. कुठली मुलगी इतकी वर्षं असं करेल? एखादा आठवडा करेल. जरा बदला ना."

आपांनी माझ्याकडे पाहिलं. "बदलते," म्हणाल्या. मग मुलीची भाची झाली, चार वर्षांचे चार दिवस झाले आणि गोष्ट गुळगुळीत झाली. मिसनं बरं ऐकलं. मी तिला चांगले गुण दिले.

पुढच्या वर्षी सप्टेंबरअखेर माझी गाडी गॅरेजात होती, म्हणून वर्ग संपल्यावर मी आपांच्या दुसऱ्या फेरीनं घरी निघाले. मुलं उतरत गेली. शेवटी मागच्या सीटवर बारावीतली एकच मुलगी उरली. चुणचुणीत, केस घट्ट बांधलेले, शाळेच्या इंग्रजी वादविवादात बक्षिसं घेणारी. मी तिला ओळखत होते. तिचा स्टॉप आला. ती दारापर्यंत आली, माझ्याकडे पाहिलं आणि पायरीवर थांबून राहिली. उतरेना. ड्रायव्हर म्हणाला, "यल्ला, चल बेटा." तरी उतरेना. तेव्हा आपांनी पर्स उघडली, घराची किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली. "Thank you," मुलगी म्हणाली, कुठल्याही आयाला म्हणावं तसं. आणि गेली.

बस सुरू झाली. मी विचारलं, "आपा, ही कोण?"

"ती गोष्टीतली. तुम्हाला पटली नव्हती ती."

मला गप्प बसता आलं असतं. तेच तर मी शिकवत होते. पण मी भराभर बोलत सुटले. मला माहीत नव्हतं, तुम्ही सांगायला हवं होतं, या वयात मुलींचं असं होतं, एक करता येईल, तिला माझ्याकडे पाठवा...

"म्याडम, तुमचा स्टॉप आला," आपा म्हणाल्या.

माझी गल्ली अजून दोन वळणं पुढे होती. मी उतरले आणि त्या उन्हात चालत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात चौकशी केली. सगळ्यांना माहीत होतं. मुलीच्या अर्जावर आईचं नाव होतं, कामाचं ठिकाणही. माहीत नव्हतं ते फक्त मला, कारण सहा वर्षांत मी आपांना "तुम्हाला मुलं किती?" एवढंही विचारलं नव्हतं. त्यांच्याकडून मी वर्ग शिकवून घेतला, माझ्यावरचे शेरे ऐकून घेतले, पण त्यांची विचारपूस केली नाही.

आपा वर्गात यायच्या बंद झाल्या. दुसऱ्या फेरीपर्यंत बसच्या सावलीत ड्रायव्हरशेजारी बसायच्या. वर्ग पुन्हा वह्यांवरच्या विनोदांवर आला. तीन आठवडे मी खिडकीतून पाहत होते. चौथ्या आठवड्यात दोन करक, म्हणजे तिकडचे दुधाचे कडक चहा, घेऊन खाली गेले आणि बसच्या पायरीवर बसले.

"मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही," मी म्हटलं.

"हो," आपा म्हणाल्या. चहा घेतला. आणखी काही बोलल्या नाहीत आणि मीही बोलले नाही. मला ते फार जड गेलं.

डिसेंबरात एका दुपारी त्या आपणहून वर आल्या आणि पुढच्या खुर्चीत बसल्या. गणिताच्या मिसची ऐकायची पाळी होती. आपा म्हणाल्या, "आज म्याडमना बसू दे." मी बसले. समोर सगळा वर्ग.

"खरी की खोटी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही ठरवा."

त्यांनी कँटीनमधल्या बाईचीच गोष्ट पुन्हा सुरू केली. वर्गाला वाटलं जुनीच गोष्ट. मला पुढची ओळ माहीत होती आणि माझ्याकडे तिच्यासाठी तीन उत्तरं तयार होती. मी ती गिळली. आपा थांबल्या. मीही थांबले. मग मी विचारलं, "हे सुरू कसं झालं?"

एवढंच मी तेव्हा विचारायला हवं होतं. पटत नव्हतं याचा अर्थ गोष्टीतलं काहीतरी अजून सांगायचं राहिलं होतं.

"त्या बाईनंच सुरू केलं," आपा म्हणाल्या. "पहिल्या दिवशी पोरं आईच्या बोलण्याची नक्कल करत होती. पोरीचा चेहरा बघवला नाय. घरी येऊन आईच म्हणाली, उद्यापासून तू मला वळखू नको. पोर रडली. म्हणाली, मी नाय असं करणार. आईनं तिला दटावलं. मग पोरीनं ऐकलं." त्यांनी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "इतकं ऐकलं, की आता बस म्हटलं तरी तिला जमत नाय. मार्चमध्ये परीक्षा, मग ती कॉलेजला जाईल. आम्ही पण गावी जाणार, खलास. त्या बाईला वाटतं, जायच्या आधी एकदा पोरीनं सगळ्यांसमोर हाक मारावी."

खाली हॉर्न वाजला. दुसऱ्या फेरीची बस खरोखरच दाराशी आली होती. आपांनी पर्सला हात लावला नाही.

"हाक मारावी असं वाटतं," मी म्हटलं.

"हो." हॉर्न पुन्हा वाजला. वर्गातल्या दोघींनी घड्याळ पाहिलं. मी पाहिलं नाही. मग आपा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "पण वळखू नको म्हणाली कोण? आईच ना. मग आधी हाक आईनंच मारायला पायजे. नावानं नाय. घरात मारते तशी, बायो म्हणून."

तेव्हा त्या उठल्या. "बस आली" म्हणाल्या नाहीत. नुसत्याच गेल्या.

मी खिडकीशी गेले. जादा तासांची मुलं बसमध्ये चढून बसली होती. आपा पहिल्या पायरीवर चढल्या, दांडा धरला आणि आत तोंड करून काहीतरी म्हणाल्या. खिडकीची काच बंद होती. मागच्या सीटवरचं एक डोकं वर झालं, आणि मग बराच वेळ ती बस हललीच नाही. ड्रायव्हरनंही हॉर्न वाजवला नाही.

एप्रिलमध्ये आपा गावी गेल्या. त्या बसमध्ये काय झालं ते मी त्यांना कधी विचारलं नाही. सांगावंसं वाटलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. त्या दिवशी दुसरी फेरी उशिरा सुटली म्हणून दोन पालकांची लेखी तक्रार मात्र आली, आणि ऑफिसनं बसच्या आयाकडून खुलासा मागितला. तो कागद मी मागून घेतला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "समुपदेशनाचा वर्ग वेळेत संपवता आला नाही." आणि खाली माझी सही केली.