आमच्या कॉम्प्युटरचं गेट-रजिस्टर

देवासच्या एका कारखान्यात मी अठरा वर्षं गेटवर सुरक्षा अधिकारी होतो आणि माझ्या गेटमधून एक स्क्रूसुद्धा चोरीला गेला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर तुमचा यावर विश्वास बसणार नाही.

दोन हजार चार-पाचच्या सुमारास आम्ही घरी कॉम्प्युटर घेतला तो माझ्या बहिणीमुळे, कुंदामुळे. ती ऑस्ट्रेलियात. तिला मुलगी झाली होती आणि दर रविवारी ती बाळाचा फोटो ई-मेलनं पाठवायची. आमचे अप्पा (वय ऐंशी) त्या दिवशी पूजा उरकून, धुतलेलं धोतर नेसून कॉम्प्युटरसमोर बसायचे. टेलिफोनच्या तारेतून फोटो वरून खाली हळूहळू उतरायचा. आधी टोपडं, मग कपाळ, मग डोळे. नाक येईपर्यंत अप्पांचा चहा गार झालेला असायचा.

"नाक आमच्या आईचं आलंय," ते दर रविवारी सांगायचे.

एका रविवारी टोपडं उतरलं, कपाळ उतरलं, आणि नाकाच्या जागी एक बाई आली! तिच्या अंगावर जे होतं त्याला कपडे म्हणणं कठीण होतं. अप्पांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"ही कुंदाची सासू का रे?"

"नाही हो अप्पा!" मी घाईघाईनं बाईला बंद केलं. तिच्या जागी दोन आल्या. त्यांना बंद करेपर्यंत तिसरीनं येऊन मला मोटार बक्षीस लागल्याचं कळवलं. शेवटी मी पडद्यावर टॉवेल टाकला.

आता, गेट आतून कुणी उघडल्याशिवाय बाहेरचा माणूस आत येत नाही, हे मला नोकरीनं शिकवलेलं. घरात आम्ही चौघं. म्हणजे फितूर उरलेल्या तिघांपैकीच एक! (स्वतःला मी मोजलं नाही. सुरक्षा अधिकाऱ्याला कोण मोजतो?) मी चौकशी सुरू केली.

"मी फक्त स्वेटरचे नमुने बघते," बायको म्हणाली, "आणि परत असं विचारलंत तर तेही विणणार नाही."

"मला नाही पता बाबा, सच्ची!" अकरावीतला निरंजन म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की मला दाट संशय आला.

सुदैवानं कॉम्प्युटर आमच्या घरातल्या माणसांपेक्षा प्रामाणिक निघाला. सोमवारी सकाळी त्यानं आपणहून लाल पाटी दाखवली: सावधान, तुमच्याकडे हेर शिरलेत, पहारेकरी हवा का, फुकट! कारखान्यात एक जादा गार्ड मिळावा म्हणून मी सहा वर्षं अर्ज करत होतो. इथे फुकट! मी 'होय' दाबलं. मंगळवारी आणखी एक पाटी आली, आणखी एक गार्ड ठेवला. आठवड्याभरात पडद्याच्या कोपऱ्यात पाच पहारेकरी उभे होते आणि माझा ऊर अभिमानानं भरून आला होता.

"बाबा, ती पाटी नका ना दाबू यार! सगळी गडबड तिचीच आहे," निरंजन कळवळून म्हणाला.

पहारेकरी कुणाला नको असतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्याचं नाव मी मनात लाल शाईनं लिहिलं.

शिवाय पहिल्या गार्डाबरोबर, सोमवारीच, मी कॉम्प्युटरशेजारी कारखान्यासारखं रजिस्टरच ठेवलं होतं. नाव, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ, काम, सही. पेन सुतळीनं बांधलेलं. बायकोनं लिहिलं, 'स्वेटर. शक असेल त्यानं घालू नये.' निरंजननं हिंदीत लिहिलं, 'प्रोजेक्ट. कसम से.' आणि अप्पांनी अर्धं पान भरून लिहिलं ते मोडीत!

अप्पांची तरुणपणची नोकरी धारच्या दफ्तरखान्यातली. "नोंद म्हटली की ती मोडीतच," ते म्हणाले. "तुला वाचता येत नाही हा आमचा दोष का?"

ते रोज लिहीत. ज्या दिवशी कॉम्प्युटरला हातही लावला नाही त्या दिवशी तर पानभर! इकडे बाया वाढतच होत्या. जो माणूस आपली नोंद कुणाला कळू देत नाही, तो काय लपवत असेल? शनिवारी मी निकाल लावला आणि की-बोर्ड कपाटात ठेवून कुलूप घातलं.

"सासऱ्यांवर शक!" बायको कडाडली. "अहो, ते माउसला हात लावायच्या आधी नमस्कार करतात!"

रविवारी अप्पा धोतर नेसून आले. टेबलावर की-बोर्ड नाही हे त्यांनी पाहिलं, रजिस्टरात चार ओळी लिहिल्या, आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात बसले. मला फार वाईट वाटलं. पण गेटवरच्या माणसानं वाईट वाटून घ्यायचं नसतं, म्हणून मी पुरावा आणायला निघालो. रजिस्टर पिशवीत घातलं आणि इंदूरला बस बदलून धार गाठलं.

तिथे अप्पांचे दफ्तरखान्यातले जुने सोबती भाऊकाका एका देवळाची व्यवस्था बघत. त्यांना ऐकू कमी येई, त्यामुळे ते सगळंच ओरडून बोलत. सभामंडपात आठ-दहा भक्त बसलेले. काकांनी रजिस्टर उघडलं.

"'सोमवार, प्रातःकाळी,'" काका गरजले, "'चिरंजीव श्रीकांत यंत्रावर बसले. लाल पाटी आली. चिरंजीवांनी होय दाबिले. लागलीच बाया तीन.'"

"काका, हळू!"

"आँ? हो हो, वाचतो की! 'मंगळवार. लाल पाटी. चि. निरंजन नको नको म्हणत असता चिरंजीवांनी होय दाबिले. बाया पाच.'"

"कित्ती?" मागून एका भक्तानं विचारलं.

"पाच!" काकांनी सगळ्या मंडपाला सांगितलं.

असं पाच दिवस चाललं. रोज पाटी, रोज होय, रोज बाया. अख्ख्या रजिस्टरात गेट उघडणारा माणूस एकच होता. शेवटची नोंद त्याच दिवसाची, सकाळची. तेवढी काकांनी जरा हळू वाचली. "'रविवार. कपाटास कुलूप. नातीचे मुख पाहावयाचे राहिले. चिरंजीवांस कोणी बोलू नये, फार कष्ट करितो.'"

मी रजिस्टर मिटून पिशवीत घातलं.

"हा श्रीकांत कोण रे?" काकांनी विचारलं. पंधरा वर्षांनी भेटत होतो, त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

"आहे एक कारखान्यातला," मी म्हणालो.

घरी येऊन मी आधी कुलूप काढलं, मग अप्पांच्या पाया पडलो. निरंजननं दुसऱ्या दिवशी माझे पाचही पहारेकरी एकेक करून हाकलले, त्यांच्यामागून बायाही गेल्या. पहिल्या रविवारी आलेली बाई ज्या पाटीतून शिरली, तिलाही मीच होय म्हटलं होतं, हेही त्यानं शोधून काढलं. पुढच्या रविवारी टोपडं उतरलं, कपाळ उतरलं, डोळे उतरले, आणि नाक आलं.

"आमच्या आईचं," अप्पा म्हणाले. या वेळी मीही जोरात हो म्हटलं.

रजिस्टर तेव्हापासून अप्पांच्या ताब्यात गेलं. मला कॉम्प्युटरवर बसायचं तर त्यांच्याकडून गेट-पास घ्यावा लागे, सोबत निरंजन सक्तीचा. पास मोडीत असे. त्यात माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला कधीच कळलं नाही, आणि वाचून घ्यायला धारला जायची सोय उरली नव्हती. त्या देवळात मी गेलोच तर लोक अजून सरकून जागा देतात आणि म्हणतात, "आओ भिया, पाच बायकांवाले!"