मार्गशीर्षात खाल्लेला, पौषात हिंडणारा तुतवार

आमच्या शेजारचा केसरीनाथ भिवंडीत बिघडलेले माग दुरुस्त करायचा; पण त्याचा जीव मागात कमी नि खाडीतल्या पाखरांत जास्त. कमळावहिनी म्हणायची, "सासूबाईंनी यांची पत्रिका पाखराशीच जुळवायची व्हती." मी म्हणायचो, "वहिनी, जुळवली व्हती. पाखरूच न्हाय म्हणालं."

चौऱ्याहत्तरच्या थंडीत मुंबईचे एक पक्षीवाले साहेब आले. पाखरांच्या पायात नंबर कोरलेलं कडं घालून ते सोडून द्यायचे. ते पाखरू पुढे कुणाला, कुठे, कधी सापडलं, त्याच्या नोंदी जमवायचं काम त्यांनी केसरीनाथला दिलं. "नोंदी चोख निघाल्या तर पन्नास कडी तुझ्या हाती देईन, तूच घाल. घोळ झाला तर काम दुसऱ्या गावाला."

गडी हवेतच! सायकल मारत गावोगाव सांगून आला. चाळीसेक चिठ्ठ्या जमल्या. साहेब यायला चार दिवस उरले, तेव्हा लावायला बसला आणि तोंड कडू कारल्यासारखं झालं.

राहनाळच्या मोरूची चिठ्ठी: "तुतवार, नंबर ४१७. मार्गशीर्ष वद्य द्वादशी. खाल्ला. कडं सोबत." मानकोलीच्या लूमवरच्या रामदुलारेची: "४१७. पौष वद्य पंचमी. जिवंत."

"मोरूला विचार," मी म्हटलं, "पोटात अजून काही फडफडतंय का."

दोघांना बोलावलं. मोरू चिडला. "देवाशपथ खाल्ला, केसरीदादा! हाडं मांजरीनं नेली, तिला इचारा!"

"हम झूठ काहे बोलेंगे, भैया?" रामदुलारे म्हणाला. "सूत में फँसा था. छुड़ाया, नंबर पढ़ा, फुर्र!"

"गेली माझी कडी," केसरीनाथ डोकं धरून बसला.

वहिनी तांदूळ निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, "भैया, तुमचा चैत कधी लागतो?"

"होली के दूसरे दिन, भौजी."

"आमचा लागतो पाडव्याला, पंधरा दिवसांनी. तुमचा महिना आधी सुरू व्हतो. मग तुमच्या पौषातला वद्य पक्ष म्हंजे आमच्या मार्गशीर्षातला. भैयानं पंचमीला सोडला, मोरूभावजींनी त्याच पक्षातल्या द्वादशीला तव्यावर घातला. भांडताय कशाला?"

केसरीनाथ आनंदाने उडालाच. पण बाकीच्या चिठ्ठ्यांत कुणाचा कुठला महिना, कसं कळणार? तेवढ्यात त्याला लूमचं कार्ड आठवलं. माणूस आझमगडचा असो की गणेशपुरीचा, ते सगळे एकसारखंच भरतात: इंग्रजी तारीख, माग नंबर, कारागिराचं नाव. त्याने कोरी कार्डं आणली, 'माग' खोडून 'कडं' लिहिलं, जागेसाठी रकाना आखला. तीन दिवस सायकल हाणून प्रत्येकाकडून कार्ड भरून आणलं.

साहेबांनी गठ्ठा चाळला. चाळता चाळता हसू लागले. "हे कोरं कार्ड दे मला. सगळ्याच ठिकाणी हेच लावतो. आमचे लोक तर अंतरही कुणी मैलात लिहितात, कुणी कोसात!" आणि कड्यांची डबी त्याच्या हातावर ठेवली.

रविवारी सकाळी खाडीवर आम्ही सगळे हजर. केसरीनाथने पहिला तुतवार ओंजळीत धरला, कडं अलगद बसवलं. पाखराने निघताना त्याच्या नव्या सदऱ्यावर भरघोस आशीर्वाद दिला. मोरू मागून हळहळला, "चांगला जाडजूड व्हता!"

वहिनी सदरा धुवायला मागत होती. दोन दिवस झाले, देतोय कुठे!