जेठांचं नाव

लग्नानंतर सोळा वर्षं मी माझ्या जेठांचं नाव घेतलं नव्हतं. आमच्याकडे रनाळ्याच्या बाजूला सून नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर पदर ढळू देत नाही, त्याच्याशी बोलत नाही, आणि नाव तर मुळीच काढत नाही. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी बजावलं होतं, "जेठनं नाव लेवानं नही." रेशनच्या दुकानात घरातल्यांची नावं विचारली की मी शेजारणीला पुढे करायचे.

हे सगळं मी मुकाट पाळलं. राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. तो अजून उतरलेला नाही आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा नवऱ्याने मला स्कूटी शिकवली. तो धडगावला नोकरीला, शनिवारी घरी येणारा. नंदुरबारला जाऊन मी परीक्षा दिली, पास झाले. लायसन पोस्टाने येणार होतं. घरचं टपाल जेठांच्या हातात पडायचं. दर शनिवारी नवरा त्यांना विचारायचा आणि ते म्हणायचे, काही आलं नाही.

मग एका सकाळी तळोद्याहून फोन आला, आईचं काही खरं नाही, लगेच ये. मी स्कूटी काढली. तळोद्याच्या अलीकडे पोलिसांची तपासणी चालू होती. मी पास झालेय, कार्ड यायचंय, असं दहादा सांगितलं. फोनमध्ये लायसन दाखवायची सोय तेव्हा आलेली नव्हती, आणि माझा फोनही बटणांचा होता. दंड झाला, गाडी ठेवून घेतली, कागद होईपर्यंत दुपार झाली. मी जीपने पोहोचले तेव्हा आईला अंगणात ठेवलं होतं. तासाभरापूर्वीपर्यंत तुझंच नाव घेत होती, असं वहिनी म्हणाली.

पोलिसांवर माझा राग नाही. लायसन मागायचा त्यांना अधिकार होता आणि माझ्याजवळ ते नव्हतं.

त्या दिवाळीच्या साफसफाईत ते सापडलं. जेठांच्या कपाटात, सातबाऱ्याच्या फायलीखाली. पाकीट फोडलेलं, त्यावरचा शिक्का आई जायच्या दीड महिना आधीचा. जेठाणीला विचारलं तर ती खाली बघत म्हणाली, "वहू गाडीवर हिंडनी तं लोके काय म्हनतीन, असं म्हने ते." त्यांना स्वतःला जाब विचारायची सोय नव्हती. बोलायचंच नाही ना त्यांच्याशी. मी लायसन पोलक्यात खोचलं आणि उरलेलं कपाट पुसून काढलं.

पुढच्या वर्षी मी पोलीस भरतीचा फॉर्म भरला. पोटासाठी केलं असं लोक समजतात, मीही समजू देते.

जेठांनी स्वतः जन्मात लायसन काढलं नाही. आम्हाला कोण विचारतंय, हा त्यांचा तोरा. मागच्या उन्हाळ्यात मी हवालदारसाहेबांबरोबर तपासणीला उभी होते, तेव्हा आमची घरचीच पांढरी गाडी आली. चालवायला जेठ, मागे गावातली दोन वजनदार माणसं. मला पाहून ते जराही दचकले नाहीत. पुढचा खण उघडला आणि माझ्या नवऱ्याचं लायसन काढून साहेबांच्या हातात दिलं. नवरा धडगावला जीपने जातो, त्याचं कार्ड गाडीतच पडलेलं असतं. दोघा भावांचं नाक एक, मिशा एक.

साहेबांनी फोटो पाहिला, माणूस पाहिला. "हाई तुम्हनंच शे?"

"मन्हंच शे साहेब. फोटो जुना शे."

साहेबांना शंका आली. "ताई, तुम्ही तं रनाळाकडना. यास्ले वळखतस का?"

"ती काय सांगी?" जेठ साहेबांकडेच बघत म्हणाले. "आमना घरनी वहू शे ती." आणि चक्क हसले.

सवयीने माझा हात पदर ओढायला डोक्याकडे गेला. हाताला टोपी लागली.

"साहेब, हाई लायसन मन्हा घरवालानं शे. ह्या मन्हा जेठ शेतस."

"मंग यास्नं नाव काय?"

मी नाव घेतलं. आधी त्यांचं, मग वडिलांचं, मग आडनाव. पुढे राव नाही, दादा नाही. मागच्या सीटवरच्या दोघांना नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात घेतलं, आणि साहेब मशीनमध्ये टाइप करताना अडले म्हणून पुन्हा एकदा घेतलं. मला फार बरं वाटलं. ते लपवत नाही.

"गाडी कोना नाववर शे?"

"मन्हा घरवालाना."

"मालकलेबी दंड लागस, ताई."

"लावा," मी म्हणाले.

गाडी ठेवून घेतली. मागचे दोघे उतरून रस्त्याला लागले. जेठ उन्हात उभे राहिले. बऱ्याच वेळाने माझ्याजवळ आले आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले. "आते मी घर कसा जाऊ?"

"जीपमा बसा," मी म्हटलं. "मी बी त्या दिन जीपमाच गयी व्हती."

कुठला दिवस ते त्यांनी विचारलं नाही.