बाबांच्या फोटोखालचा देवगड हापूस

चहाचा कप खाली ठेवा आधी, नाहीतर हसताना अंगावर सांडाल. माझ्याइतका हुशार गाढव अख्ख्या रत्नागिरीत झाला नसेल!

पावसला आमची हापूसची बाग. माझ्या बाबांना, म्हणजे सगळ्यांच्या नानांना, जगात दोनच गोष्टींचा राग. एक वाशीचे दलाल, दुसरा देवगडचा आंबा. दलालाला टक्के द्यायला नकोत म्हणून मुंबईची गिऱ्हाइकं त्यांनी स्वतः जोडलेली. दर एप्रिलात त्यांचे फोन यायचे नि बाबा पेट्या भरायचे.

तेव्हा इंटरनेटचं वेड नवं होतं. मी सायबर कॅफेत बसून आमच्या बागेची वेबसाइट केली. कलमाखाली बाबा, हातात आंबा, झकास फोटो! मग कुठेतरी वाचलं, की दुसऱ्याच्या दुकानाची जाहिरात आपल्या वेबसाइटवर लावायची. तिच्यावर क्लिक करून कुणी काही घेतलं, की आपल्याला कमिशन. बसल्या जागी पैसे! मुंबईची एक फळांची कंपनी सगळ्यांत जास्त टक्के देत होती. लावली तिची जाहिरात, थेट बाबांच्या फोटोखाली. 'हापूस मागवण्यासाठी इथे क्लिक करा.'

पुढची अक्कल बघा. बाबांच्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना मीच फोन केले, "आमची वेबसाइट बघा हं!"

कमिशन वाढायला लागलं, माझी कॉलर ताठ. बाबा मात्र अंगणात येरझाऱ्या घालतायत.

"यंदा एकाचाही फोन नाही रे. आंबा उतरायला आलाय. काय बिनसलं लोकांचं?"

"बाबा, हल्ली लोक फोन करत नाहीत. इंटरनेटवर घेतात!" मी ऐटीत म्हणालो. तरीही डोक्यात प्रकाश पडला नाही, बोला!

शेवटी पार्ल्याहून लेलेकाकूंचा फोन आला.

"नाना, काय गोड आंबा हो यंदाचा! दरवर्षीपेक्षा सरस!"

"कुठचा आंबा? मी अजून एका पेटीला खिळा मारलेला नाही!"

"असं काय करता? तुमच्या फोटोखालूनच तर मागवला! फक्त पेटीवर देवगड का लिहिलंय हो?"

बाबांनी रिसीव्हर ठेवला.

"मेल्या, माझा फोटो लावून देवगडचा आंबा विकलास?"

"विकला नाही हो बाबा! मी नुसता मधे होतो. थोडं कमिशन…"

"मधे राहून कमिशन खाणाऱ्याला काय म्हणतात रे?"

खरं सांगतो, त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. बाबांनी जन्मभर जोडलेली माणसं मी परस्पर देवगडला पोचवली होती!

पोटभर आंबा खाल्लेली माणसं दुसरी पेटी कशाला घेतील? माल टेम्पोत भरून वाशीलाच न्यावा लागला. माझं सगळं कमिशन टेम्पोच्या भाड्यात गेलं. ज्या दलालाचं बाबांनी कधी तोंड पाहिलं नव्हतं, त्याच्याच गाळ्यावर आम्ही दोघे बसलो. माणूस अगत्यशील. चहा मागवला, माझ्याकडे बघून विचारलं, "नाना, मुलगा काय करतो?"

बाबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली नि म्हणाले,

"हा? तुमच्याच धंद्यात आहे!"