ट्रकवरची आजी

मेथी भिजवलेल्या पाण्याचा वास आला, की जेद्दातली आमची येमेनी शेजारीण आठवते; तिच्या घरातून रोज हा वास यायचा. आखाती युद्धात येमेनने इराकची बाजू धरली म्हणून सौदीने येमेनींना सौदी हमीदाराशिवाय राहायला बंदी केली आणि तिथले येमेनी घरंदारं विकून निघाले. हिच्या नवऱ्याला कफील, म्हणजे असा हमीदार, मिळाला म्हणून ही राहिली, पण घरमालकाला येमेनी भाडेकरू नको होते, म्हणून त्याच्यापासून आपण येमेनी असल्याचं लपवून. एका दुपारी येमेनला निघालेला, सामानाने लादलेला ट्रक आमच्या दाराशी थांबला. वर तिची आई बसली होती. शेजारणीची पोर "आजी!" करत धावली, तशी शेजारणीने तिच्या थोबाडीत मारली. "कोण ही?" दारात आलेल्या घरमालकाने विचारलं. "असेल कोणी वेडी," शेजारीण म्हणाली. म्हातारीने तोंडावर बुरखा ओढला. "चुकलं हो माझं. माझी लेक अशी नव्हती." ट्रक गेला. मी आता त्या म्हातारीच्या वयाची झाले. ती लेकीला वाचवत होती की तोडत होती, मला अजून ठरवता येत नाही.